कागदी तळी

सिन्नर, चांदवड, सांगोला. या तालुक्यांची उपग्रहचित्रे पाहिली तर माळावर जागोजाग काळे चौकोन दिसतात. ही प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी. 2016 साली तर ‘मागेल त्याला शेततळे’ अशी योजनाच आली. मूळ कल्पना चांगली होती: शिवारातून वाहून जाणारे पाणी खड्ड्यात अडवायचे, पावसाने ओढ दिली की पिकाला एखादे पाणी द्यायचे, बाकीचे जमिनीत मुरेल.

मुरण्याची वाट कागदाने बंद केली. वाहते पाणी तरी तळ्यात शिरते कुठे? अशा बहुतेक तळ्यांचे बांध आजूबाजूच्या रानापेक्षा बरेच उंच असतात आणि ओहोळ काही चढ चढत नाही. तेव्हा तळे भरते ते विहिरीच्या नाहीतर बोअरच्या पाण्याने, मोटारी लावून. खडकात सावलीला असलेले पाणी वर ओढून आपण उन्हात पसरतो. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद तळ्यातून मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडाले, तरी 9,000 लिटर गेले. एका टँकरला थोडेच कमी. आणि टँकरची वाट पाहणारी वस्ती त्याच शिवारात असते.

यात बागाईतदाराला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. डाळिंबाची बाग एक उन्हाळा कोरडी गेली तर कित्येक वर्षांची कमाई जळते, कर्ज तेवढे उरते. शेजारच्याने उपसा सुरू केल्यावर आपण थांबायचे तरी कशाच्या भरवशावर? खडकातले पाणी सातबारा पाहून थांबत नाही. तळ्यात पडले की मात्र त्याला मालक मिळतो. सरकारी अनुदानाने सार्वजनिक साठा असा खासगी होतो, आणि त्याला आपण दुष्काळ निवारण म्हणतो.

ओल्या कागदावर पाय ठरत नाही. पोहता येणाऱ्यालाही काठ गाठून वर येता येत नाही. उन्हाळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या त्यामुळेच येतात. कुंपण आणि गाठी मारलेला दोर नसेल तर कागदाचे पैसे अडवायला हवेत.

लांबी, रुंदी, खोली मोजून अनुदान देण्याची पद्धतही बदलावी. शेवटचा हप्ता पहिला पावसाळा सरल्यावर द्यावा: ओहोळाने भरलेल्या तळ्याला पूर्ण, मोटारीने भरलेल्याला शून्य.