आपलं नाव आपणच हलवावं!

या आठवड्याच्या टपालातलं एक पत्र मी बाजूला काढून ठेवलं होतं. एक भगिनी लिहितात, 'मी घरी दिवाळीचा फराळ करून विकते. मोबाइलवर पाठवायची जाहिरात, ती अक्षरं हलणारी हो, मुलगा करून देतो. पण चकलीचा भाव बदलला, की चार दिवस त्याच्या मागे फिरावं लागतं. मीच शिकते म्हटलं, तर सगळे हसले. वय पंचेचाळीस. मला जमेल का?'

हसू देत त्यांना. जमेल! 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) च्या वेळी दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरचं सगळं सांभाळून फिल्मला भोकं पाडायला आणि ती धुवायला शिकल्याच ना? आपल्याला तर रसायनात हातही घालायचा नाही. तेव्हा पदर खोचा आणि बसा.

या कामासाठी पुष्कळ जण 'आफ्टर इफेक्ट्स' वापरतात. हे सॉफ्टवेअर १९९३ पासून आहे. उघडल्यावर इंग्रजी शब्दांची गर्दी दिसते, पण बिचकू नका. रोज लागणारे शब्द वीसएक असतील. एका वहीत लिहून ठेवा.

पहिलं काम चौकट आखण्याचं, रांगोळीआधी चौक आखतो तसं. हिला 'कॉम्पोझिशन' म्हणतात. मोबाइलसाठी उभी चौकट घ्या : रुंदी १०८०, उंची १९२०. सेकंदाला २५ चित्रं आणि लांबी ५ सेकंद. पहिल्या खेपेला एवढं पुरे.

दुसरं, 'लेअर', म्हणजे थर. एकावर एक पारदर्शक कागद ठेवले आहेत असं समजा. तळाला रंग, त्यावर चकलीचा फोटो, त्यावर अक्षरं. यादीत जो थर वर, तोच चित्रात वर. आणि बरं का, भाव नेहमी स्वतंत्र थरावर लिहा. मग भाव बदलला तर तेवढे आकडे बदलायचे, बाकी कशाला हात लावायला नको.

तिसरी गोष्ट खरी गंमतीची : 'कीफ्रेम'. हाताने कार्टून काढत, तेव्हा मुख्य चित्रकार महत्त्वाची चित्रं काढी आणि मधली सगळी मदतनीस भरत. इथे मुख्य चित्रकार तुम्ही, मदतनीस संगणक. अक्षरांचा थर निवडून 'पी' दाबा, म्हणजे जागेची ओळ उघडेल. सुरुवातीला शब्द चौकटीबाहेर ठेवून त्या ओळीतल्या घड्याळाच्या चित्रावर टिचकी मारा. मग काटा एक सेकंदावर न्या आणि शब्द मधोमध ओढा. झालं! मधली २४ चित्रं संगणक भरतो. स्पेसबार दाबून पाहा, शब्द सरकत येईल. तसंच 'एस'ने आकार, 'आर'ने फिरणं आणि 'टी'ने पुसट-ठळक करणं.

शब्द यंत्रासारखा एकदम थांबतो असं वाटेल. झोपाळा आठवा. टोकाशी येताना तो हळू होतो ना? दोन्ही कीफ्रेम निवडून 'एफ९' दाबा. तोच शब्द अलगद येऊन थांबेल.

आपल्या मराठीची एक खबरदारी सांगते. जोडाक्षरं फुटली किंवा वेलांटी भलतीकडे गेली, तर सेटिंगमध्ये 'टाइप' या ठिकाणी दक्षिण आशियाई लिप्यांची सोय असते, ती निवडा. नव्या आवृत्तीत तिला 'युनिव्हर्सल' असं काहीसं नाव दिसेल. आणि एकेक अक्षर वेगळं नाचवू नका, काना-मात्रा सुट्या होतात. अख्खा शब्द हलवावा.

आता माझी फजिती ऐका. पहिलं काम संपवलं आणि पसारा आवरावा म्हणून फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी उघडते तो फोटोंच्या जागी रंगीत पट्टे! घाबरून गेले. मग कळलं, की या फाइलमध्ये सामान नसतंच, वाण्याकडच्या यादीसारखी नुसती यादी असते. डबे हलवले तर तिला सापडणार कसे? फोटोंचा नवा पत्ता दिल्यावर सगळं परत आलं. पण सुरुवातीलाच एका कामाचं सामान एका फोल्डरमध्ये ठेवावं, हे उत्तम.

शेवटी चित्रफीत बाहेर काढायची, तिला 'रेंडर' म्हणतात. 'एच २६४' हा प्रकार निवडा, मोबाइलवर चालतो.

आता पैशांचं. आफ्टर इफेक्ट्स भाड्याने घ्यावं लागतं. करार महिन्याचा की वर्षाचा, मध्येच सोडला तर काय, हे वाचल्याशिवाय कार्डाचा नंबर देऊ नका. शिवाय संगणकाला १६ जीबी रॅम लागते. नुसतं शिकायचं असेल तर 'ब्लेंडर' पूर्ण मोफत आहे आणि 'दाविंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्तीही मिळते. बटणं वेगळी, पण थर आणि कीफ्रेमचा हिशोब तोच.

दुपारची झाकपाक झाल्यावर रोज अर्धा तास काढा. पहिला आठवडा फक्त 'चकली' हा शब्द आत आणायचा आणि बाहेर न्यायचा. दुसऱ्यात फोटो, तिसऱ्यात भाव. मुलाला काही विचारायचं झालं तर जरूर विचारा, पण माउस आपल्याच हातात ठेवा. त्याने घेतला, की शिकणं राहिलंच!

आणि हो, पत्र लिहिणाऱ्या भगिनींनो, यंदा भाव स्वतः बदललात की मला कळवा. वाट पाहते.