जुन्या प्रतीला हात न लावता

शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशात ज्ञानेश्वरी सांगून झाली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली. पुढची जवळजवळ 300 वर्षं पोथीवरून पोथी होत राहिली. उतरवणाऱ्यांनी पाठ बदलले, पदरच्या ओव्याही घातल्या. मूळची कुठली आणि मागाहूनची कुठली, याची पानावर खूण नव्हती. 1584 साली एकनाथांनी ग्रंथ शुद्ध केला आणि बजावलं की यापुढे यात कुणी आपली ओवी घालू नये. ती ताकीद वारकऱ्यांना ठाऊक आहे. ज्यांनी स्वतः भागवतावर हजारो ओव्यांची टीका लिहिली, त्यांना नव्या ओवीचं वावडं नव्हतं. आक्षेप होता तो लोकांच्या हाती असलेल्या ग्रंथात गुपचूप भर घालण्याला.

फंक्शनल प्रोग्रॅमिंगमधला अपरिवर्तनीय व्हेक्टरही नेमकं हेच मागतो. घटक घाला, पण नवा व्हेक्टर मिळेल आणि जुना ज्याच्या हाती आहे त्याला तो जसाच्या तसा दिसेल.

यावर पूर्वपक्ष ठरलेला आहे: एका घटकासाठी दहा लाखांची यादी पुन्हा उतरवायची? ही उधळपट्टी आहे! असं म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पोथी उतरवणारा लेखनिक असतो. त्याला एका ओवीसाठीही नऊ हजार ओव्या पुन्हा लिहाव्या लागत. व्हेक्टरला तसं करावं लागत नाही, आणि हा आक्षेप इथेच कोसळतो.

रिच हिकी यांनी 2007 मध्ये आणलेल्या क्लोजर भाषेतला व्हेक्टर 32 फांद्यांचं झाड आहे. चार पातळ्यांत 10,48,576 घटक मावतात. समजा, 7,00,000 क्रमांकाचा घटक बदलायचा आहे. मुळाशी 21वा कप्पा, त्याखाली 11वा, मग 19वा आणि शेवटी 0वा, अशी वाट निघते (मोजणी शून्यापासून). या वाटेवरच्या चार गाठींचीच नक्कल होते, म्हणजे 128 कप्प्यांची. बाकीचं सगळं झाड जुना आणि नवा व्हेक्टर मिळून वापरतात. कुणीच ते बदलणार नसल्यामुळे ही भागीदारी बिनधोक असते. शेवटी घटक जोडणं तर याहून स्वस्त: बहुतेक वेळा फार तर 32 कप्प्यांची शेपटी उतरवली की काम होतं.

मधोमध घटक घालण्याचं काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि आमच्या बाजूचे काही उत्साही लोक तो टाळतात ते मला पटत नाही. 7,00,000व्या जागी नवा घटक घुसवला तर पुढच्या 3,48,576 घटकांचे क्रमांक सरकतात. क्लोजरच्या मूळ व्हेक्टरमध्ये हे महागच पडतं. पण साध्या, बदलत्या अॅरेत तरी दुसरं काय होतं? तिथेही तेवढेच घटक एकेक जागा पुढे ढकलावे लागतात. तेव्हा हा दोष अपरिवर्तनीयतेच्या माथी मारणं अन्याय आहे. क्रमांक जागेला बांधलेले असल्याचा हा परिणाम आहे. त्यावर तोडही निघाली. फिल बॅगवेल आणि टिआर्क रॉम्फ यांनी 2011 मध्ये आरआरबी-ट्री मांडलं. त्यात गाठी अर्धवट भरलेल्या चालतात आणि कुठल्या फांदीखाली किती घटक आहेत, याची नोंद गाठीतच असते. मग झाड हव्या जागी तोडायचं, मध्ये घटक ठेवायचा आणि दोन्ही तुकडे जोडायचे. यासाठी मोजक्याच गाठी नव्याने बांधाव्या लागतात.

बदलत्या यादीची किंमत मात्र कुणी मोजत नाही. एक थ्रेड यादी वाचतो आहे आणि दुसऱ्याने मध्येच घटक खुपसला, तर वाचणारा एखादा घटक दोनदा वाचतो किंवा गाळतो. आणि ही चूक पुन्हा घडवून दाखवणं महाकठीण.

अपरिवर्तनीयता सर्वत्र, प्रत्येक क्षणी पाळा, असा माझा हट्ट नाही. यादी अजून एकाच फंक्शनच्या ताब्यात आहे आणि लाखो घटक भराभर भरायचे आहेत, तर क्लोजरमध्येच ट्रान्झिअंटची सोय आहे. तिथे खुशाल जागच्या जागी भर घालावी. भरून झालं की ती यादी पुन्हा अपरिवर्तनीय करायची आणि मगच दुसऱ्याच्या हाती द्यायची.