एक चिठ्ठी, पाच दुकाने

मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकली जाणारी गोळी म्हणजे अल्प्राझोलम, चिंताविकारावरचे रीतसर औषध. ते नशेच्या बाजारात जाण्याची एक सोपी वाट म्हणजे कागदी चिठ्ठी.

१ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीनुसार अशी औषधे विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. पण एका दुकानाची वही दुसऱ्याला दिसत नाही. एकच चिठ्ठी पाच दुकानांत फिरली, तरी कुणाला पत्ता लागत नाही. सगळी दुकाने एका प्रणालीला जोडलेली असतील, तर इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी एकदा वापरली की संपते. १० चे १०० करता येत नाहीत. न्यूयॉर्क राज्याने २७ मार्च २०१६ पासून ती सक्तीची केली, मात्र तांत्रिक बिघाडासाठी सवलत ठेवली.

ही सवलत आपल्याकडे कळीची आहे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील जाचक परवान्यांमुळे मॉर्फिन मिळेनासे झाले, कर्करुग्ण तळमळत राहिले. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडले. त्याची पुनरावृत्ती नको. सक्ती आधी शहरांतील मोठ्या रुग्णालयांत व्हावी. जिथे रेंजच नाही, अशा गावांत क्रमांक छापलेली कागदी चिठ्ठी चालू ठेवावी. नशेची वाट अडवताना वेदनेने कण्हणाऱ्याचे दार बंद होता कामा नये.