सोबत आणि गर्दी

दिवाळी सरली की सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत शनिवारी रात्री भाड्याच्या बसगाड्या येऊन उभ्या राहू लागतात. त्यांतून उतरणारी माणसे एका गावची नसतात, एका कचेरीतली नसतात, बहुधा एकमेकांच्या ओळखीचीही नसतात. भ्रमणध्वनीवर कोणी सूचना प्रसृत करतो, ठरलेली रक्कम भरली की नाव यादीत चढते, आणि पहाटे सर्वस्वी अपरिचित अशी वीस-पंचवीस माणसे एकत्र डोंगर चढू लागतात. एके काळी गिर्यारोहण संस्थांच्या सभासदांपुरता असलेला हा छंद आज शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशा सामान्य नोकरदारांच्या घरांत पोहोचला आहे, ही निःसंशय स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु यादीत एकत्र आलेली माणसे एकमेकांची सोबती केव्हा होतात, हा प्रश्न कोणी विचारताना दिसत नाही. तो केवळ भावनेचा असता तर या स्तंभात त्याला जागा देण्याचे कारण नव्हते. तो जीविताचाही आहे.

हरिश्चंद्रगडावर जाण्याच्या वाटा अनेक आहेत. पाचनईची वाट सोपी, खिरेश्वरहून तोलारखिंडीने जाणारी दमछाक करणारी. पण ठाणे जिल्ह्यातील बेलपाड्याहून थेट कोकणकड्याच्या बगलेने वर चढणारी ‘नळीची वाट’ या सर्वांहून निराळी. ही मुळात वाट नव्हेच. पावसाळ्यात पाण्याचा लोंढा जिथून कोसळतो ती अरुंद घळ आहे. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती, मध्ये माणसाहून मोठे धोंडे आणि त्यांच्या फटींत पायाखाली सरकणारे सुटे दगड. अधूनमधून असे कातळटप्पे येतात की तिथे हाताचा आधार शोधल्याखेरीज किंवा दोर लावल्याखेरीज पुढे सरकता येत नाही. कोकणच्या सपाटीवरून सुरू होणारा हा चढ सुमारे हजार मीटरांचा आहे व तो संपेपर्यंत दिवस सरतो. या घळीतला खरा धोका उंचीचा नसून सुट्या दगडांचा आहे. वरच्या माणसाचा पाय निसटला की दगड सुटतो आणि घळ अरुंद असल्याने तो खालच्यांच्या रोखानेच येतो. म्हणजे येथे आपला जीव आपल्या पायांइतकाच पुढच्या अनोळखी माणसाच्या पायांवर अवलंबून असतो.

प्रस्तुत लेखकाने हे पुस्तकात वाचलेले नाही. अशाच एका जथ्यात सामील होऊन ही वाट चढण्याचा प्रसंग त्याच्यावर आला होता. आम्ही तेवीसजण होतो. आयोजकाचा माणूस एकच, आणि तोही चपळ मंडळींबरोबर पुढे निघून गेलेला. बसमध्ये रात्री परस्परांची ओळख करून देण्याचे राहून गेले होते. तेवढा वेळ नाही, असे सांगण्यात आले. दहाच्या सुमारास एका कातळटप्प्याखाली माझ्या पायाखालचा दगड हलला आणि सुटला. खाली पंचविशीतला एक तरुण होता. त्याला सावध करण्यासाठी मी ओरडलो. पण काय ओरडलो? ‘अहो!’ त्याचे नाव मला ठाऊक नव्हते. त्या हाकेसरशी खालच्या पाच जणांनी एकदम माना वर केल्या. दगड येत असता मान वर करायची नसते, भिंतीला अंग चिकटवायचे असते, हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते. दगड त्या तरुणाच्या पाठीवरच्या पिशवीला घासून गेला. वीतभर इकडे झाला असता तर हा लेख लिहिण्याचे धैर्य मला झाले नसते.

त्यानंतरचा अर्धा तास महत्त्वाचा आहे. आमच्याबरोबर बेलपाड्याचा एक वाटाड्या होता. सामान वाहण्यासाठी म्हणून आणलेला तो मुलगा तोवर मुकाट चालत होता. त्याने सर्वांना भिंतीच्या आडोशाला बसवले. “वरचा हालला की खालच्यानं हालायचं नाही, आणि दगूड सुटला की नाव घेऊन वरडायचं,” एवढाच नियम त्याने घालून दिला. नाव घेऊन ओरडायचे तर नाव ठाऊक हवे. म्हणून त्या कातळावर, दिवसभराचा निम्मा चढ झाल्यावर, आम्ही एकमेकांना आपापली नावे सांगितली. त्याच वेळी असेही कळले की कोषागारात नोकरी करणाऱ्या एका पन्नाशीच्या गृहस्थांचे पाणी केव्हाच संपले होते आणि संकोचाने त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते. मग प्रत्येकाने आपल्या बाटलीतले दोन घोट त्यांच्या बाटलीत ओतले, त्यांना पुढे घातले आणि त्यांच्या चालीने उरलेला चढ चढलो. कोकणकड्यावर पोहोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. उशीर झाला खरा, पण वर पोहोचलेली माणसे सकाळी निघालेल्या यादीतली राहिली नव्हती.

या विषयात शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेविषयी शासननिर्णय निघाला. २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आले व आयोजकांच्या नोंदणीची तरतूद झाली. नियम हवेतच. परंतु नोंदणीचा कागद घळीत दगड अडवीत नाही. अपघात झाला की प्रथम धावतात ते पायथ्याचे गावकरी आणि लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक. हे लोक मोबदल्याची अपेक्षा न धरता रात्री-अपरात्री दरीत उतरतात. त्यांच्या निःस्वार्थीपणावर आपला बेफिकीर उत्साह किती काळ पोसायचा, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना वाटते, अनोळखी माणसांचे असे जथे मुळातच बंद करावेत. हे मत आम्हांला मान्य नाही. ज्याच्या घरात डोंगराची परंपरा नाही, ज्याचा मित्रपरिवार रविवारी झोपून काढतो, त्याने डोंगर पाहूच नये की काय? शिवाय अनोळखी माणसांबरोबर खडतर वाट चालण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. आषाढीच्या दिंडीत परक्या गावचा माणूस शेजारी चालू लागला की तो ‘माउली’ होतो. पण त्या दिंडीला शिस्त असते, क्रम असतो आणि मागे पडलेल्याची चौकशी असते. दुसरे मत असे की पैसे भरून आलेला प्रौढ माणूस स्वतःची काळजी घेण्यास समर्थ आहे. नळीच्या वाटेत हे मत एका दगडासरशी खोटे ठरते, कारण तिथे कोणाचीच काळजी एकट्याच्या हाती नसते.

करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. चढ सुरू होण्यापूर्वी सर्वांनी एकमेकांची नावे आणि दुखणी जाणून घ्यावीत. सर्वांत सावकाश चालणाऱ्याची चाल हीच जथ्याची चाल मानावी व अखेरच्या माणसामागे एक जाणता माणूस असावा. मागे फिरण्याची वेळ निघतानाच ठरवावी आणि ती पाळण्यात कमीपणा मानू नये. पायथ्याच्या गावातील वाटाड्याला हमाल न समजता जथा थांबविण्याचा अधिकार द्यावा, आणि तसे दामही द्यावेत. या चारही गोष्टींना खर्च येतो तो मुख्यतः वेळेचा; आणि आयोजकाला नेमका तोच परवडत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी या चार गोष्टींची विचारणा करणे हे प्रत्येक सहभागी माणसाचे काम आहे. आपल्या विद्यार्थ्यांना सहलीस पाठविणाऱ्या शिक्षकांचे तर ते कर्तव्यच होय.

माणसांची संख्या वाढली म्हणजे सोबत वाढते असे नाही. पुष्कळदा केवळ गर्दी वाढते. आपल्या शहरांत, कचेऱ्यांत, आगगाडीच्या डब्यांत आपण वर्षानुवर्षे एकमेकांना ‘अहो’ म्हणून हाक मारीत निभावून नेतो. डोंगर तशी सवलत देत नाही. ज्याच्या पायाखालचा दगड आपल्या डोक्यावर येऊ शकतो, त्याचे नाव आपणांस ठाऊक असलेच पाहिजे, आणि आपले त्याला.