समुद्र काय फक्त कोकणाचा?

सोलापूरच्या सात रस्त्यावर उभा असलेला शाळकरी मुलगा येणाऱ्या प्रत्येक मोटारीची कंपनी लांबूनच सांगतो. त्याच्यापुढे आपल्याच युद्धनौकेचे छायाचित्र ठेवावे, तर तो गप्प होतो. दोष त्याचा नव्हे. समुद्र कोकणाचा, आपला नाही, ही समजूत आपणच त्याला दिली.

वास्तविक ही विद्या अवघड नाही. नौकेच्या बाजूवर रंगवलेले अक्षर पाहावे : ‘डी’ म्हणजे विनाशिका, ‘एफ’ म्हणजे फ्रिगेट, ‘आर’ म्हणजे विमानवाहू नौका. डी ६७ ही माझगाव गोदीत बांधलेली ‘मोरमुगाव’. आर ११ ही ‘विक्रांत’. ब्रिटिश नौदलाची पद्धतही हीच. चिनी नौकेवर मात्र केवळ आकडे. शंभरीतला क्रमांक बहुधा विनाशिकेचा.

याने काय साधणार, असे कोणी विचारील. २००८ साली मुंबईवरचे हल्लेखोर ‘कुबेर’ या आपल्याच मच्छीमार नौकेतून आले. शत्रू आपले रूप घेऊन येतो, तेव्हा समुद्राकडे लक्ष असलेला समाजच सावध राहतो. गुराब आणि गलबत यांतील भेद जाणणाऱ्या शिवछत्रपतींच्या आरमाराचे आपण वारस.

१९७१ च्या कराची हल्ल्याचे स्मरण म्हणून ४ डिसेंबरला नौदल दिन असतो. त्या दिवशी तरी घरातील मुलांना चार नौका ओळखायला शिकवू या. नौदलाला माणसे केवळ किनाऱ्यावरूनच मिळावीत, असे थोडेच आहे?