आतेच्या पदवीचा हिशोब

फिलिपीन्समध्ये मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात. आपल्या आपा किंवा ताईसारखाच हा मानाचा शब्द. पण मानाबरोबर कामही येते. त्या देशातले सुमारे २० लाख लोक परदेशी नोकरीला आहेत आणि त्यांत निम्म्याहून जास्त बायका. मिंदानाओच्या मुसलमान घरांतूनही आया आखातात जातात. मग धाकट्यांचा अभ्यास, आजीची औषधे, घरखर्चाची वही सगळे आतेकडे. तिला स्वतःलाही विद्यापीठात शिकायचे असते.

२०१७च्या कायद्याने तिथल्या सरकारी विद्यापीठांत पदवीची फी माफ झाली. फार चांगले झाले. पण फी माफ झाली म्हणून वेळ मिळत नाही. तो थोडाफार मिळवून देते ती 'बारकादा', म्हणजे जिवाभावाची मित्रमंडळी. बुडालेल्या तासाच्या वह्या तीच पुरवते. मरावीचे सरकारी विद्यापीठ १९६१ मध्ये सुरू झाले तेच मुसलमान आणि ख्रिस्ती मुलांनी एकत्र शिकावे म्हणून. अशा ठिकाणी ही मंडळी धर्म विचारून जमत नाही.

आपल्या कोकणातून कुवेत-सौदीला बहुधा अब्बा गेले, अम्मी घरी राहिली. तरी घरात अडचण आली की कॉलेज सुटते ते थोरल्या मुलीचेच. तिला आपा म्हणून मान देणे सोपे आहे. आखातातून आलेल्या पैशातला पहिला वाटा तिच्या शिक्षणाला आणि घरकामातला निम्मा वाटा तिच्या भावांना दिला, तर तो मान खरा.