१५९६ की १६३८? ‘मीरा’ ताऱ्याचा शोध कोणाचा? (धागा)

‘पहिला रूपविकारी तारा १५९६ मध्ये डेव्हिड फॅब्रिशियसने शोधला’, हे वाक्य एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आले आहे. इतिहास म्हणून ते टिकत नाही.

फ्रिसियातील या धर्मोपदेशकाने त्या ऑगस्टमध्ये तिमिंगल तारकासमूहात एक अनोळखी तारा पाहिला. ऑक्टोबरपर्यंत तो दिसेनासा झाला. टायको ब्राहेचा १५७२ चा नवतारा अजून सर्वांच्या स्मरणात होता. फॅब्रिशियसने यालाही त्याच पंक्तीत बसवले. १६०९ मध्ये तो त्याला पुन्हा दिसला, तरीही हा तारा नियमाने येतो-जातो असे प्रतिपादन त्याने केले नाही.

मध्यंतरी १६०३ मध्ये योहान बायरने आपल्या नकाशात त्याच जागी चौथ्या प्रतीचा तारा नोंदवून त्याला ‘ओमिक्रॉन’ हे अक्षर दिले. फॅब्रिशियसच्या ताऱ्याशी त्याने तो जोडला नाही. एकच तारा, एकाच्या दप्तरी विझलेला, दुसऱ्याच्या दप्तरी कायमचा रहिवासी!

डिसेंबर १६३८ मध्ये फ्रानेकरच्या योहानेस होलवार्डाने तो पाहिला, पुढे लुप्त झालेला पाहिला, परतल्यावर ‘तोच हा’ असे ओळखले. शोध लागला तो येथे. ‘मीरा’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘अद्भुत’, हे नाव हेवेलियसने १६६२ मध्ये रूढ केले (मीराबाईशी त्याचा काडीमात्र संबंध नाही). १६६७ मध्ये बुल्योने ३३३ दिवसांचा आवर्तनकाल काढला.

फॅब्रिशियसची नजर तीक्ष्ण होती, यात वाद नाही. पण १५९६ ही केवळ पहिल्या नोंदीची तारीख. शोधाच्या रकान्यात होलवार्डाचेच नाव हवे.